सांदळी बुद्रुकचा आकडा

त्रिनदी जलदरेल्वे प्राधिकरणाच्या कोल्हापूरच्या मुख्यालयात, सातव्या मजल्यावर, पंचेचाळीस लाख माणसं राहत होती. त्यांना ना चहा लागत होता, ना पगार. कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक माणसाचा एक संगणकीय जोडीदार तिथल्या यंत्रात होता. त्याला 'प्रतिनागरिक' म्हणत. खरा माणूस कुठे कामाला जातो, स्टेशनापर्यंत किती पायी चालेल, मुलाच्या शाळेसाठी घर बदलेल का, अशा दोनशे सवयी त्याच्यात भरलेल्या. या सगळ्यांना यंत्रात वीस वर्षं जगू द्यायचं आणि कुठल्या स्टेशनावर रोज किती जण गाडीत चढतील ते मोजायचं. वीस वर्षांचं हे आयुष्य सव्वा तासात उरकत असे.

कागदोपत्री यंत्राचं नाव 'प्रवासभाकीत प्रणाली' असं भारदस्त होतं. कर्मचारी मात्र त्याला 'कौल्या' म्हणत. देवळात कौल लावतात तसा हा गावांना कौल द्यायचा, आणि देवाच्या कौलाविरुद्ध जशी दाद नसते तशी याच्याविरुद्धही नव्हती.

कायदा साधा होता. कौल्यानं एखाद्या मार्गावर रोज चाळीस हजारांहून जास्त प्रवासी सांगितले, तर त्या मार्गासाठी 'उन्नती-रोखे' निघत. स्टेशनाभोवतीच्या जमिनीचं मोल उद्या वाढणार, त्या वाढीच्या भरवशावर लोक आजच रोखे घेत आणि त्यातून रूळ पडत. आकडा चाळीस हजारांच्या खाली आला, तर तो मार्ग पंधरा वर्षांसाठी यादीतून बाद. सरकारकडे हात पसरणं नाही, मंत्र्यांच्या दारात ताटकळणं नाही. डॉ. केतकी शिरगुप्पे यांना या पद्धतीचा अभिमान होता, कारण ती त्यांनीच उभी केली होती. पहिल्या टप्प्याला अठरा वर्षं झाली होती आणि वार्षिक पडताळणीत कौल्याचे आकडे दरवर्षी शंभरात सत्त्याण्णव खरे उतरत होते. दिल्लीच्या पुरस्काराचं मानपत्र त्यांच्या खोलीत होतं, आणि ते दिसावं म्हणून कपाट थोडं सरकवलेलंही होतं.

मंगळवारी अकराच्या सुमाराला त्यांचा गणिती सहकारी नझीर मुजावर आत आला. एरवी दार ढकलतानाच बोलायला लागणारा नझीर आज खुर्चीवर बसून आधी पाणी प्यायला.

"सांदळी फाट्याचा आकडा आला, मॅडम. नऊ हजार."

सांदळी फाटा म्हणजे दुसऱ्या टप्प्यातला बावीस किलोमीटरचा मार्ग. सांदळी खुर्दच्या गजबजलेल्या स्टेशनातून निघून, नदी ओलांडून, सांदळी बुद्रुकवरून पुढं जाणारा.

"वाटलंच होतं," केतकी म्हणाल्या. "बुद्रुकमध्ये आता राहिलंय कोण? टाक तक्त्यात."

"एक अडचण आहे. एकाहत्तर हजारही आला."

"म्हणजे कुठला तरी चुकलाय."

"दोन्ही बरोबर आहेत. चार वेळा तपासले." नझीर पुढं सरकला. "प्रतिनागरिक बातम्या वाचतात. तुम्हीच ती सोय केली होती."

"करावीच लागली. स्टेशन होणार हे कळलं की खरी माणसं जमिनी घेतात, दुकानं टाकतात, घरं हलवतात. ते धरलं नाही तर आकडा खोटा पडतो."

"हो. म्हणून आपण त्यांना एक आकडा जाहीर करून दाखवतो. तो ऐकून ते वागतात, त्यातून नवा आकडा निघतो. तो पुन्हा त्यांना सांगतो. आकडा हलायचा थांबला की तो आपला कौल. बरोबर? आता नियमपुस्तकात लिहिलंय की सुरुवात गावाच्या आजच्या प्रवाशांपासून करावी. बुद्रुकमध्ये आज साडेचार हजार माणसं एसटीनं जातात. तिथून निघालं की आकडा नऊ हजारांवर थांबतो. मी काल गंमत म्हणून ऐंशी हजारांपासून सुरुवात केली. तर तो एकाहत्तर हजारांवर थांबला आणि हलेना."

केतकींनी चष्मा काढला.

"आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो," नझीर म्हणाला. "का? तर सगळे म्हणतात गुरुवारी भरतो. उद्या सगळ्यांनी सोमवार म्हटलं तर सोमवारी भरेल. तसंच आहे हे. नऊ हजार जाहीर करा, नऊ हजार होतील. एकाहत्तर जाहीर करा, एकाहत्तर होतील. दोन्ही भाकितं खरी ठरतील. कुठलं ठरवायचं ते कौल्या सांगत नाही. ते आपण सांगतो, फक्त आपल्याला इतकी वर्षं कळलं नाही."

"हे यंत्रातलं झालं. खऱ्या माणसांवर कधी सिद्ध झालंय?"

"त्यासाठी असं गाव पाहिजे, जिथं यंत्रानं एक सांगितलं आणि जाहीर दुसरंच झालं."

"असं कधीच झालेलं नाही," केतकी ठामपणे म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ना! यंत्राचे मूळ निकाल तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात होते आणि जाहीर झालेले तक्ते ग्रंथालयात. पडताळणी नेहमी जाहीर तक्त्याशी व्हायची. मूळ निकालाशी तक्ता ताडून बघावा, हे अठरा वर्षांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नझीरनं ते दोन तासांत केलं. तीनशे बारा गावांपैकी तीनशे दहा जुळली. दोन जुळली नाहीत. बुधवारी संध्याकाळी त्यानं दोन्ही कागद केतकींपुढं ठेवले.

यंत्राचा निकाल होता: सांदळी खुर्द पाच हजार, सांदळी बुद्रुक चौसष्ट हजार. तक्त्यात छापलं होतं: सांदळी बुद्रुक पाच हजार, सांदळी खुर्द चौसष्ट हजार.

चूक कशी झाली ते केतकींना बघताक्षणी कळलं. आपल्याकडे माणूस 'बुद्रुक-खुर्द' असंच म्हणतो. मोठं आधी, धाकटं नंतर. यंत्र मात्र वर्णानुक्रमानं चालणारं, त्याच्या यादीत ख आधी आणि ब नंतर. टंकणाऱ्यानं गावांची नावं जिभेच्या सवयीनं लिहिली आणि आकड्यांचा रकाना यंत्रातून जसाच्या तसा उचलला. आडनावासकट त्या टंकणाऱ्याची नोंद खाली होती. तक्ता तयार करणारे: के. शिरगुप्पे.

त्या वेळी बुद्रुक ही मोठी पेठ होती. हळदीचं मार्केट, दोन कॉलेजं, नऊशे मुलांची शाळा. खुर्द म्हणजे नदीपलीकडची चाळीस घरं. आज खुर्दला पंधरा मजली इमारती होत्या आणि स्टेशनावर रोज त्रेसष्ट हजार माणसं चढत होती. बुद्रुकचं मार्केट उठलं होतं, कॉलेजं उठली होती. तक्ता चुकला होता, आणि गावांनी आपली आयुष्यं तक्त्याबरहुकूम करून घेतली होती. त्यालाच त्या शंभरात सत्त्याण्णव म्हणत आल्या होत्या.

"मी उद्या हे जाहीर करते," त्या म्हणाल्या. "चूक माझी आहे."

"तेही चालवून बघितलं," नझीर हलक्या आवाजात म्हणाला. "प्रतिनागरिकांना सांगितलं, की मागं एका माणसाच्या हातचुकीनं गावं फिरली होती. मग कुठूनही सुरुवात करा, सांदळी फाटा आठ हजारांवर येतो. दुसऱ्या टप्प्याचे बाकीचे तीन मार्गही कोसळतात. लोक आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत, मॅडम. आकडा चुकत नाही, यावर ठेवतात."

केतकींनी नियमपुस्तक मागवलं, 'आजच्या प्रवाशांपासून' हे स्वतःचंच वाक्य खोडलं आणि सांदळी फाट्यापुढं एकाहत्तर हजार लिहून सही केली.

गुरुवारी दुसऱ्या टप्प्यातल्या गावांच्या सुनावणीला सांदळी बुद्रुकच्या विकास मंडळाच्या अध्यक्ष आल्या. शैलजा मगदूम, वय अडुसष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका. हातातल्या पिशवीत निवेदनाच्या सात प्रती होत्या. भांडायची पूर्ण तयारी करून आलेल्या बाईंच्या हातात केतकींनी तक्ता ठेवला. बाईंनी आकडा वाचला, पुन्हा वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं," केतकी म्हणाल्या. "पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं.

"परत सांगा," शैलजाबाई म्हणाल्या. "हळू सांगा."

केतकींनी परत सांगितलं. बाईंनी वर्गात चुकलेलं गणित ऐकावं तसं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"त्या वेळी अख्खं गाव मोर्चा काढणार होतं," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टर बाहेर काढले होते. मीच वाटेत उभी राहिले. म्हटलं, यंत्राला ना जात, ना पक्ष. विज्ञानाशी भांडायचं नसतं. माझ्या शब्दावर लोक घरी गेले. शेवटच्या वर्षी शाळेत अकरा पोरं होती, मॅडम. कुलूप मी लावलं." त्यांचा आवाज चढला. "तुमच्या थोबाडीत द्यावी असं वाटाय लागलंय मला!"

"द्या."

"देऊन काय मिळणार?"

"मी राजीनामा देते, बाई. लेखी माफी मागते."

"आणि या आकड्याखाली सही कुणाची?"

"माझी."

"मग राजीनामा दिलेल्या बाईच्या सहीवर जमीन कोण देणार? रोखे कोण घेणार?" मुख्याध्यापिका जागी झाली होती. "गाडी सुरू होऊ द्या. मग स्टेशनावर उभं राहून सांगा सगळ्यांना."

केतकींनी मान हलवली. "तेव्हा तिसऱ्या टप्प्यातली गावं रांगेत असतील. मी बोलले की त्यांचे आकडे कोसळतील. त्यांच्यानंतर चौथा टप्पा."

"म्हणजे कधीच न्हाई."

"कधीच नाही."

शैलजाबाई खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खालच्या पुलावरून खुर्दकडं जाणारी गाडी गेली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या. मग परत येऊन त्यांनी निवेदनाच्या सातही प्रती फाडल्या.

"आम्हाला तुमची शरम नको, गाडी पाहिजे," त्या म्हणाल्या. "रविवारी ग्रामसभा आहे. आकडा मी वाचणार. तुम्ही यायचं."

आकडा गावात जाहीर वाचून दोनतृतीयांश जमीनमालकांच्या सह्या घ्यायच्या, असा नियमच होता. रविवारी सकाळी बंद शाळेच्या पटांगणात तीनएकशे माणसं जमली, बहुतेक साठीच्या पुढची. शैलजाबाईंनी खणखणीत आवाजात आकडा वाचला. टाळी वाजली नाही. मागच्या रांगेतून कल्लाप्पा चौगुले उठले. त्यांची दोन्ही मुलं खुर्दला भाड्यानं राहत होती.

"बाई, एकाहत्तर हजार? हितं कुत्रं फिरकत न्हाई. हे खरं हाय कशावरनं?"

मंचावर बसलेल्या केतकींनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"कल्लाप्पा, मागच्या वेळी यंत्र चुकलं होतं का?"

लोकांनी शाळेच्या कुलपाकडं पाहिलं, ओस पडलेल्या मार्केटच्या पत्र्यांकडं पाहिलं, एकमेकांच्या पांढऱ्या डोक्यांकडं पाहिलं.

"न्हाई," कल्लाप्पा म्हणाले. "तवा बी जे बोललं तेच झालं."

"मग चला. सह्या करा."

पहिली सही कल्लाप्पांनीच केली. त्यांच्यामागं रांग लागली, आणि रांगेतच कुणी पोरांना फोन लावून परत या म्हणून सांगायला लागलं, तर कुणी रस्त्याकडेच्या गाळ्याची जागा विचारायला लागलं. एकाहत्तर हजारांतली पहिली माणसं केतकींच्या डोळ्यांदेखत तयार होत होती.

मग गावानं आणलेली शाल पुढं आली. शास्त्रज्ञ बाईंचा सत्कार गावाच्या वतीनं शैलजाबाईंनीच करावा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. त्या उठल्या. केतकींनी मान खाली घातली. त्यांना रडू आवरत नव्हतं.

शाल खांद्यावर नीट बसवताना शैलजाबाई त्यांच्या कानाशी वाकल्या.

"सरळ बसा," त्या म्हणाल्या. "लोक बघाय लागलेत."

केतकी सरळ बसल्या.