कार्बनखालची ओळ

विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. मी शेजारी बसून पाहिलंय, तरी मला स्वतःचाच संशय येतो.

मार्चची एक तारीख. सकाळचे दहा. आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल.

बाबा कारकून होते. आधी अख्ख्या ओळीची अक्षरं काढायचे, मग शेवटी ओळभर एकच शिरोरेघ मारायचे. आणि बजावायचे, "प्रत ठेवल्याशिवाय कागद घराबाहेर जाता कामा नये."

ते गेल्यावर आई दर एक तारखेला सरकारला पत्र लिहायची. आमचं शेत रस्त्यात गेलं होतं, मोबदला सहा वर्षं मिळाला नव्हता. त्यावर आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन अडलेलं. पत्राखाली कार्बन ठरलेला. प्रत मी वाचून दाखवायची.

त्या दिवशी मी प्रत उचलली...

शेवटी एक ओळ जास्त होती.

'सही करू नकोस.'

वरच्या कागदावर ती नव्हतीच.

"आई, हे काय लिहिलंस?"

"मी? मला दिसत कमी असेल, वेड नाही लागलंय!"

माझा संशय काकांवर गेला. त्यांचा त्या पैशांवर डोळा होता. मी नवा कार्बन आणला, कुलपात ठेवला. पुढच्या महिन्यात आईच्या हातावरची नजर काढली नाही.

तरी तीच ओळ...

"अक्षर कुणाचं गं?"

"बाबांचं," मी पटकन म्हणाले.

आईने डोळे पुसले. "मग सही मागतील त्यात काहीतरी काळंबेरं असणार."

आठवड्याभरात कचेरीतून बोलावणं आलं. कारकुनाने मोबदल्याचा कागद पुढे सरकवला. "बाई, आज शेवटची तारीख. सही नाही झाली तर दावा बंद."

मी कागद तीनदा वाचला. त्यात काहीच वावगं नव्हतं.

आईने पेन खाली ठेवलं. मी गप्प राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

दावा बंद झाला.

पुढच्या एक तारखेला आईने बाबांनाच पत्र लिहिलं. 'मला का अडवलंत?' खाली सवयीने कार्बन.

मी प्रत उचलली...

आईचा प्रश्न उमटलाच नव्हता. एकच ओळ होती.

'मी अडवलं नाही.'

वर शिरोरेघ एकच. ओळभर.

मी जुन्या प्रती काढल्या.

'सही करू नकोस.' अक्षर हुबेहूब बाबांचं. पण शब्द तीन, आणि रेघाही तीन. सुट्या सुट्या.

मी हे आधी पाहिलंच नव्हतं.

"काय म्हणतात गं बाबा?" आईने विचारलं.

"काही नाही उमटलं," मी म्हणाले.

आईला आता जवळजवळ दिसत नाही. तरी एक तारखेला ती टेबलाशी बसते, चाचपडत कार्बन लावते.

प्रत मी उचलत नाही. 'सही करू नकोस' ही ओळ कुणाची होती, ते मला अजून कळलेलं नाही.