न बदललेला आकडा

गाडीचं चाक बर्फात नुसतं गरगरत होतं. पुढे नाही, मागे नाही. इलोना सिकोरा वैतागून स्टिअरिंगवर हात आपटणार, तोच काचेवर टकटक झाली.

बाहेर एक उंच माणूस उभा होता. लोकरीची टोपी भुवयांपर्यंत, मफलर नाकापर्यंत. मध्ये उरलेले दोन डोळे तेवढे हसत होते.

"मी मागून ढकलतो. तुम्ही पाय हळूच दाबा. हळूच हं... रागाने नाही!"

"मी कुठे रागावलेय?"

"तुम्ही नाही हो. गाडी रागावलीय."

तो मागे गेला. गाडीतली रबरी चटई तिच्याकडून घेऊन चाकाखाली सरकवायला तो खाली बसला, आणि आरशात बघता बघता इलोनाचा श्वास अडकला. ते उकिडवं बसणं... टाचा उचललेल्या, पाठ ताठ, उजव्या पायावर जरा जास्त भार... हे तिने पडद्यावर किती वेळा थांबवून थांबवून पाहिलं होतं!

तिने काच खाली केली आणि विचार न करता ओरडली, "अहो, डावा गुडघा! डाव्यावर जोर देऊ नका!"

बूट करकरत तो खिडकीशी आला. त्याने मफलर खाली ओढला. अन्सेल्मो केवेदो. बफेलोच्या हेरन्स या बेसबॉल क्लबचा कॅचर, फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा.

"माझ्या डाव्या गुडघ्याची आणि तुमची ओळख कुठली म्हणायची?"

"ते... पेपरात वाचलं होतं."

"पेपरात उजवा छापलाय. चुकून."

इलोनाचे कान तापले. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "मी क्लबमध्येच काम करते. वरच्या मजल्यावर. कॉम्प्युटरवर."

"ओहो! म्हणजे पुढच्या मोसमात कोण किती चेंडू मारणार, कोणाचे हातपाय कधी बोलायला लागणार, ते आधीच सांगणारे तुम्ही लोक!" तो खिडकीवर रेलला. "आणि कॅचर कोणाकडे असतात?"

"...माझ्याकडे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. पापण्यांवर बर्फाचे बारीक कण होते, ते त्याने पुसलेही नाहीत.

"मग मला काही सांगू नका," तो म्हणाला. "फक्त कॉफी पाजा. गाडी मी काढून देतोय, तेवढं तर चालेल?"

हिवाळ्यात सामने नसतात, पण क्लबच्या वरच्या मजल्यावर खरी धावपळ तेव्हाच असते. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाच्या बदल्यात कोण आणायचा. सगळ्या खेळाडूंच्या पगाराची बेरीज लीगने आखलेल्या मर्यादेबाहेर गेली की क्लबला दंड बसतो. हेरन्सची बेरीज त्या वर्षी मर्यादेला टेकली होती. चेंडू फेकणारा नवा पिचर हवा असेल तर कोणीतरी जायला हवं होतं, आणि नोव्हेंबरातल्या त्या ठरलेल्या संध्याकाळच्या आत कळवायला हवं होतं. इलोनाने अन्सेल्मोबद्दलचं आपलं भाकीत ऑक्टोबरातच देऊन टाकलं होतं. तेव्हा तो तिच्यासाठी पडद्यावरचा माणूस होता. त्याच्या हसण्याला आवाज असतो, हे तिला माहीत नव्हतं.

आता माहीत झालं होतं.

एका कॉफीची दुसरी झाली. मग एका शनिवारी ब्रॉडवेच्या बाजारात ती त्याला आपल्या पोलिश लोकांचे पिरोगी खाऊ घालायला घेऊन गेली. बटाट्याचं सारण भरलेले, लोण्यात परतलेले, वर कांदा. पहिलाच घास घेऊन त्याने डोळे मिटले.

"कसे आहेत?"

"थांबा. बोलू नका. मी लग्नाचा विचार करतोय."

"पिरोगीशी?"

"बनवणाऱ्या बाईशी." गल्ल्यामागे सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. त्याने त्यांना हात केला, त्यांनी लाजून पदरासारखा ॲप्रन तोंडाला लावला. इलोना हसता हसता खोकायला लागली.

"तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता का?"

"नाही. काही जणींशी बोलताना शब्दच सापडत नाहीत. मग मी खात सुटतो. बघतेस ना, तिसरी प्लेट आहे!"

त्या वाक्यात 'तुम्ही' कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं. दोघांनीही बोलून दाखवलं नाही. इलोना काट्याने कांदा इकडचा तिकडे करत राहिली. तो आपला गल्ल्याकडे बघत होता, पण कान मात्र लाल झाले होते. थंडीने असतील... कदाचित.

बाहेर पडताना दाराच्या तीन पायऱ्या होत्या. उतरताना त्याने कठडा घट्ट धरला. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण बोटांची पेरं पांढरी पडली. इलोनाने ते पाहिलं, आणि आपण पाहिलं हे त्याला कळू नये म्हणून हातमोजे शोधत बसली.

त्या सोमवारी तिने तो सगळा हिशेब पुन्हा मांडला. जुन्या दुखापतीला जरा कमी वजन दिलं असतं, तर अन्सेल्मोचा आकडा थोडा वर सरकत होता. थोडाच. पण राहण्यापुरता. कोणी विचारलंही नसतं. अशा बाबतीत दोन शहाण्या माणसांची दोन मतं असतातच.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. तो राहिला, तर इथेच राहणार. या शहरात, या बर्फात, बाजारात शेजारच्या खुर्चीवर. आणि राहिला, तर पुन्हा सबंध उन्हाळा सामनाभर उकिडवा बसणार... उठणार... बसणार...

तिने पडद्यावरचा हिशेब बंद केला आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

वॉरेन टिलमन म्हणजे क्लबचे सर्वेसर्वा. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, हा शेवटचा शब्द त्यांचा. माणूस कोरडा, पण वाईट नाही.

"सर, केवेदोच्या निर्णयातून मला बाजूला ठेवा."

"का?"

"मी त्यांना भेटते. म्हणजे... कामाबाहेर."

टिलमननी चष्मा काढला. "किती भेटतेस?"

"कॉफी. पिरोगी."

"पिरोगी म्हणजे प्रकरण गंभीर आहे." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तुझं भाकीत भेटायच्या आधीचं ना? मग एकच प्रश्न. आज ते बदलावंसं वाटतंय?"

"वाटतंय, सर."

"आणि बदलायला हवं का?"

"नाही. ते बरोबर आहे. पण कॅचर म्हणूनच, सर. बॅट अजून चांगली आहे त्यांची. प्लेटमागच्या उकिडव्या जागेवरून उठवून फर्स्ट बेसवर उभं केलं, तर अजून काही वर्षं उत्तम खेळतील. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस. पण आपल्या फर्स्ट बेसवर ज्याला उभं केलंय, त्याच्याशी मोठा करार आहे. तो हलणार नाही." ते खिडकीकडे वळले. "जा. या विषयात यापुढे तू नाहीस. आणि ठरेपर्यंत त्याला एक शब्द नाही."

ती त्याला भेटलीच नाही. दोनदा त्याचा फोन आला, दोनदा तिने 'कामात आहे' म्हटलं.

ठरलेल्या संध्याकाळी बातमी आली. हेरन्सने अन्सेल्मो केवेदोला मोकळं केलं. इलोना कोट चढवून बाहेर पडत होती तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"तुझा आकडा होता?" त्याने विचारलं. आवाज शांत होता. तिला तो तसा नको होता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हो."

"बदलता आला असता?"

"...हो."

"मग का नाही बदललास, इलोना?"

तिने भिंतीला पाठ टेकली. "खरा होता म्हणून."

पलीकडून फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी कळलं, अन्सेल्मो घरी गेला. बानी या आपल्या गावी, आईकडे, समुद्राच्या पलीकडे. इलोनाने पत्रासारखे लांबलचक मेसेज लिहिले आणि पुसले. तिची आई विचारायची, "जेवत का नाहीस गं?" ती म्हणायची, "काम आहे." खरं तर काम होतंही. पण दर वेळी कोणत्याही खेळाडूचं नाव पडद्यावर आलं की तिला वाटायचं, या माणसाला पायऱ्या उतरताना कठडा लागत असेल का? याचं हसणं कसं असेल?

डिसेंबरात सगळ्या क्लबांची माणसं एकाच हॉटेलात जमतात. त्या वर्षी ऑर्लँडोला जमली होती. भल्यामोठ्या दिवाणखान्यात एजंट, पत्रकार, साहेबलोक, सगळे कानाला फोन लावून येरझाऱ्या घालत होते. बाहेर कोमट पाऊस पडत होता. बफेलोच्या माणसाला डिसेंबरातला पाऊस म्हणजे चेष्टाच वाटते. इलोना काचेशी उभी राहून तो बघत होती.

"इथे बर्फात कोणी अडकत नाही. माझी पंचाईत झालीय."

तिने वळून पाहिलं. अन्सेल्मो. पांढरा सदरा, उन्हाने तापलेला चेहरा, हातात पुठ्ठ्याचा एक खोका. माफी मागावी? कशाची? खरं सांगितलं त्याची?

"शिव्या द्यायला आलायस?" तिने विचारलं.

"निघालो होतो तेव्हा त्याच विचारात होतो." तो तिच्या शेजारी काचेला टेकला. "घरी गेल्या गेल्या आईला सांगितलं, एका मुलीमुळे माझी नोकरी गेली. आई म्हणाली, दे की मग चार शिव्या तिला. मी तोंड उघडलं, आणि..."

"आणि?"

"आणि तुझंच नाव बाहेर आलं. नुसतं नाव. पुढे काहीच नाही. आईने कपाळाला हात लावला. म्हणाली, मग इथे माझं डोकं काय खातोयस?"

इलोनाला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले.

"ऐक," तो हळू आवाजात म्हणाला. "दोन वर्षं मला माहीत होतं. रोज सकाळी पलंगावरून उठताना माहीत होतं. पण जो तो म्हणायचा, 'काय फिट दिसतोस!' एजंट तेच, कोच तेच. मीही हसून दाखवायचो. एवढं थकायला होतं ते हसणं... फोनवरच्या तुझ्या त्या एका वाक्यानंतर मी अंगणात आंब्याखाली बसून रडलो, आणि मग इतका झोपलो, इतका झोपलो, की आईला वाटलं आजारी पडलो."

"मला वाटलं, तू पुन्हा कधी बोलणार नाहीस."

"बोलण्यासारखं काहीतरी हातात घेऊनच यायचं होतं. काल सही केली. फर्स्ट बेस. आता उकिडवं बसणं बंद. त्यांच्या माणसाने विचारलं, जमेल का? मी म्हटलं, हेरन्सच्या एका मुलीला कधीपासून खात्री आहे, सोडताना टिलमननी सांगितलं; मलाच उशिरा कळलं."

तिने हात छातीशी धरला. विचारायची भीती वाटत होती. सीॲटल असेल, सॅन डिएगो असेल, या देशाचं दुसरं टोक असेल.

"कुठे?"

"क्लीव्हलंड."

"क्लीव्हलंड!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या एजंटने फोन कानापासून दूर केला. "अरे, ते तर तळ्याकाठच्या रस्त्याने तीन तास!"

"बर्फ असला तर?"

"बर्फ असला तर... रस्ता बंद होतो."

"अरेरे. मग माणसाने काय करायचं गं?"

"मुक्काम करायचा," ती म्हणाली, आणि स्वतःच्याच धीटपणाने लाल झाली. "म्हणजे... हॉटेलं आहेत बफेलोत पुष्कळ."

"हॉटेलं आहेत. छान." तो गंभीरपणे मान डोलवत राहिला. मग त्यालाही राहवलं नाही. त्याचं ते मोकळं, खळखळून हसणं सगळ्या दिवाणखान्यात घुमलं, आणि महिनाभर तिच्या खांद्यांवर बसलेलं काहीतरी अलगद उतरलं. तिला वाटलं, आपण आत्ताच श्वास घ्यायला लागलोय.

"तू आवडतोस मला," ती म्हणाली. "त्या दिवशीही आवडत होतास. आकडा दिला तेव्हा नाही, बदलला नाही तेव्हा."

तो हसायचा थांबला. "मला माहीत आहे. म्हणूनच विमानात बसलो."

समोरून वॉरेन टिलमन येत होते. दोघांना पाहून ते थबकले. इलोनाचा हात आपोआप मागे जाऊ लागला, पण अन्सेल्मोने तो धरला होता, आणि तिच्या लक्षात आलं, आता लपवण्याचं काही कारणच उरलं नाही. तो आता हेरन्सचा नव्हता. कोणाची आडकाठी नव्हती, कसला नियम मोडत नव्हता.

"केवेदो," टिलमन म्हणाले, "अभिनंदन. एप्रिलमध्ये आमच्याविरुद्ध जरा बेताने मार."

"नाही जमायचं, सर."

"वाटलंच मला. सिकोरा, तुला आज दुपारी सुट्टी. आणि सोमवारी एक चांगला कॅचर शोधून दे मला." ते निघून गेले. जाताना हसले की काय, ते पाठमोरे असल्यामुळे कळलं नाही.

अन्सेल्मोने खोका तिच्यापुढे केला. आत नारळ घातलेल्या दुधाच्या वड्या होत्या, कागदाच्या चौकोनांत एकेक नीट बसवलेल्या.

"आईने दिल्यात. म्हणाली, तिला सांग, बारीक आहेस की जाड ते माहीत नाही, पण आधी खा. बाकीचं नंतर बोलू."

इलोनाने एक वडी उचलली, अर्धी मोडली आणि त्याच्या ओठांशी नेली. तो खाली वाकला. पाऊस काचेवरून सरसर उतरत होता, आजूबाजूला फोन वाजत होते, आणि त्या दोघांना कुठेही जायची घाई नव्हती.