दुलई ऑनलाइन आहे

जुईली दुपारी झोपते तेवढाच वेळ माझा. एका हाताने तिला थोपटायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं. खिडकीतून भुकूमची टेकडी दिसते, खाली पौड रस्त्यावरून खडीचे डंपर जातात. नवरा, शैलेश, हिंजवडीहून येईस्तोवर अंधार पडलेला असतो.

मागच्या वर्षापर्यंत या खोलीत ओळीने पोरं झोपायची. माझं पाळणाघर होतं. वरच्या मजल्यावरच्या रजनीचा अमोघ त्यातला पहिला. रजनी जळगावची, मी नांदेडची. दोघींच्या नणंदा लांब. म्हणून अमोघच्या बारशाला आत्या होऊन त्याच्या कानात कुर्र मी केलं आणि जुईलीच्या बारशाला रजनीने. आमच्या दोघींकडेही पाळण्यातलं नाव मोठ्याने घेत नाहीत. ते आईबापाला ठाऊक, आणि कानात सांगणाऱ्या आत्याला.

पोरं झोपली की मी मेसेंजरवर बसायचे. तिथे माझं नाव ‘दुलई’. कुठल्या कुठल्या गावच्या आया भेटायच्या. दात, ताप, शी-शू, असल्याच गप्पा. इथे ते नाव रजनीखेरीज कुणाला माहीत नव्हतं.

मग तो मेल आला, शैलेशच्या ऑफिसातून फिरत फिरत.

‘आयांनो, सावधान. दुलई नावाची बाई चॅटवर गोड बोलून मुलाचं पाळण्यातलं नाव विचारते. मग तिन्हीसांजेला दारात येऊन त्या नावाने हाक मारते. मूल आपल्या पायाने तिच्यामागे जातं. ठेंगणी, हनुवटीवर तीळ, हिरवी साडी, एकाच पायात पैंजण. भुकूमला पाळणाघर चालवते. एका मोठ्या पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीने स्वतः कळवलंय. दहा जणींना पाठवा.’

ठेंगणी मी आहे, तीळही माझाच. हिरवी साडी माझ्याकडे नाही. पैंजण तर मी लग्नातसुद्धा घातले नाहीत. मेल रजनीनेच लिहिला होता, आणि तेवढं चवीला टाकलं होतं.

“खोटंच असणार गं,” समोरची उत्कर्षा तिच्या बाळाची दुधाची बाटली पिशवीत टाकत म्हणाली. “पण हे म्हणतात, विषाची परीक्षा कशाला?”

महिन्याभरात खोली रिकामी झाली. पाठोपाठ रजनीच्या दारावर पाळणाघराची पाटी लागली. जिन्यात मी दिसले की ती ओढणीने अमोघचं तोंड झाकायची.

जुईलीच्या दुसऱ्या वाढदिवसाला कुणी आलं नाही. फुगे तसेच टांगलेले. ती दाराकडे बघून सारखी विचारत होती, “अमू?”

तो प्रश्न माझ्या छातीत तसाच राहिला.

त्यानंतरची गोष्ट. टेकडीपलीकडच्या वाडीवरून धोंडाबाई जुईलीला तेल लावायला येते. चोळता चोळता म्हणाली, “काल दिवं लागायच्या टायमाला गेटापाशी कुनाची वाट बघत व्हता, ताई?”

“मी? मी घरातच होते.”

“मंग ती कोन? तुमीच वाटल्या. हिरवं लुगडं लई झ्याक दिसत व्हतं.” तिने जुईलीचा पाय दुमडला. “येकाच पायात कायतरी वाजत व्हतं. म्हनलं दुसरं हरवलं आसंल.”

धोंडाबाईने आयुष्यात कॉम्प्युटर बघितलेला नाही.

‘दुलई’ हे नाव मी केव्हाच सोडलं होतं. एका दुपारी नव्या नावाने बसले, तर कोपऱ्यात छोटी खिडकी उघडली. दुलई ऑनलाइन आहे.

‘नाव सांग,’ तिने लिहिलं.

मी कॉम्प्युटर बंद केला. दुसऱ्या दुपारी पुन्हा.

‘कुणाकडे जाऊ? नाव सांग.’

जुईली मांडीवर पेंगत होती. मुठीत वाढदिवसाचा फुटका फुगा. मी तिच्या टाळूचा वास घेतला आणि एका बोटाने अमोघचं पाळण्यातलं नाव लिहिलं.

त्या संध्याकाळी जिन्यात पैंजण वाजलं. एक पाऊल वाजायचं, एक नाही. माझ्या दारापाशी थांबलं. मग वर गेलं.

मी दूध तापवत होते. उतू गेलं नाही. माझं नीट लक्ष होतं.

अमोघ तासाभरात सापडला, टेकडीच्या वाटेवर एकटा चालताना. अंगावर ओरखडा नाही. पण आता ‘अमोघ’ म्हटलं की तो मागे वळून बघतो, हाक दुसऱ्याच कुणाला मारल्यासारखी. दिवेलागणीला स्वतःचे बूट घालून दारात उभा राहतो.

रजनीने सगळ्यांना मेल पाठवला. हे खरं आहे, माझ्या घरात घडलंय, विश्वास ठेवा.

उत्कर्षाने उत्तर दिलं, ‘हा जुनाच मेल आहे गं. अफवा आहे. कृपया पुढे पाठवू नका.’

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

काल रजनी जिन्यात आडवी आली. डोळे सुजलेले. “तूच सांगितलंस ना तिला?”

“कुणाला? ती तर खोटी आहे.”

तिने माझ्या कडेवरच्या जुईलीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “हिच्या कानात मी सांगितलं होतं. आठवतंय मला.”

आज गुरुवार, सकाळपासून लाइट नाही. जुईली उशिरा झोपली, ऊन उतरून गेलंय. पंखा बंद, म्हणून वरचं सगळं ऐकू येतं.

वर कीबोर्ड वाजतोय. एका बोटाने, सावकाश.

लाइट नाही.

आता थांबला.

दाराला आतून कडी आहे. माझा हात जुईलीच्या पाठीवर आहे. बाहेरून कुणी हाक मारली नाही. मला तरी ऐकू आली नाही.

झोपेतच जुईली “ओ” म्हणाली, आणि बूट घालून घेताना करते तसा एक पाय पुढे केला.