खाट सहाचा निरोप

मालवणहून आत, तासाभराच्या वाटेवर एक छोटं रुग्णालय आहे. बायकांच्या वॉर्डात आठ खाटा आणि वॉर्डाच्या तोंडाशी परिचारिकांची खोली. दुपारच्या पाळीच्या गौरजाच्या बाबतीत जे घडलं ते या खोलीत, तेही भर दुपारी, बाहेर केसपेपरसाठी माणसं रांगेत उभी असताना.

खोलीत एकच संगणक होता, तिन्ही पाळ्यांना मिळून. कारकून गुरुप्रसादने त्यात एक सोय करून ठेवली होती. पाळी संपली की जाणारीने पुढचीसाठी निरोप लिहायचा. पुढचीने आपल्या नावाने लॉगिन केलं की दुसरं काही उघडायच्या आधी तो निरोप पिवळ्या चौकटीत पडद्यावर येई. खाली लिहिणारीचं नाव आणि वेळ. ‘वाचला’ हे बटण दाबल्याशिवाय चौकट हलत नसे, आणि दाबलं की वाचणारीचं नावही खाली कायमचं उमटे. तोंडी सांगितलेलं विसरायला होतं, म्हणून ही युक्ती.

सकाळची पाळी अक्काची होती. तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर; बाकी डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती अक्काच. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना वैशाखातल्या एका दुपारी ती घरी जेवून आडवी झाली, ती उठली नाही. तिच्या जागी कोणी आलं नाही. सकाळी पुरुष वॉर्डातली बाई येता-जाता दोन्हीकडे बघे, निरोप लिहायला तिला सवड नसे. त्यामुळे दुपारी दोनला गौरजा आली की चौकट रिकामी असायची. आठवड्यातून तीनदा गौरजाच दोन्ही पाळ्या करायची. सुटीच्या दिवशी गावी जाऊन भाताच्या लावणीला वाकायचं आणि सोमवारी परत वॉर्डात. आषाढ सरता सरता तिची अशी गत झाली की बसमध्ये उभ्यानेच डोळा लागायचा.

श्रावणातल्या एका दुपारी तिने लॉगिन केलं, आणि चौकटीत अक्षरं होती.

‘खाट तीन. काल रात्री घरी धाप लागलेली. सांगूची नाय. दोन उशये दे. अक्का. १:५२.’

गौरजाने खालचं नाव पुन्हा वाचलं. मग तिला वाटलं, जुना निरोप कुठेतरी अडकला असेल, तो आज वर आला. ‘वाचला’ दाबून ती वॉर्डात गेली. खाट तीनवर काशीबाई होत्या, सकाळी अकराला दाखल झालेल्या, कागदावर फक्त पायाची सूज.

“काशीबाई, काल रात्री धाप लागली होती काय?”

म्हातारीने पदर तोंडाशी नेला. “लागलेली गो… पण मिया कोणाक सांगूक नाय. पोटच्या झिलाकसुद्धा नाय. तुका कोणी सांगल्यान?”

गौरजाने दुसरी उशी आणून पाठीशी लावली. डॉक्टरांनी छाती तपासली, औषध बदललं, आणि तासाभरात म्हातारी शांत झोपली.

गुरुप्रसादने संगणक उघडून पाहिला. “अक्काचं नाव काढायचं राहूनच गेलं होतं माझ्याकडून,” तो म्हणाला. “कोणीतरी तिच्या नावाने आत गेलं असणार. तिचा पासवर्ड सगळ्यांना ठाऊक होता.” त्याने तिच्यासमोर ते नाव पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता चौकट भरलेली होती. ‘खाट एक. सलाइनचो हात सुजलो हा. हात बदल. अक्का. १:५२.’

हात खरंच सुजला होता.

आता इथे कोणीही म्हणेल, की गौरजाने आरडाओरडा करायला हवा होता. तिने केला नाही. पहिले दोन-तीन दिवस खोलीत अक्काच्या डोक्याच्या तेलाचा वास येतोय असं वाटे आणि ती दार सताड उघडं ठेवी. पण निरोप बरोबर असायचे. कुणाला ताप चढतोय, कोण गोळ्या उशीखाली लपवते, कुणाच्या लघवीकडे लक्ष द्यायला हवं… जे शोधायला तिला दोन तास लागले असते ते चार ओळींत हातात पडत होतं. आणि ती फार दमली होती. इतकी, की मदत कोण करतंय हे विचारायचंही बळ नव्हतं. आठवडाभरात तिची भीती बोथट झाली. चौकट आली की ती मनात म्हणे, “अक्का, बरं झालं गं लिहिलंस,” आणि बटण दाबे.

गुरुप्रसादने एकदा विचारलं, “आता काही येत नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळपासून डोकं जड होतं. पोटऱ्या अशा दुखत होत्या की पायऱ्या चढताना कठड्याला धरावं लागलं. रोजचंच, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. दोनला लॉगिन केलं. त्या दिवशी निरोप एकाच खाटेचा होता.

‘खाट सहा. गौरजा. डोळे पिवळे झाले. झोपली आसा, उठवू नको. अक्का. १:५२.’

बाहेर पत्र्यावर सर येऊन गेली. पुन्हा ऊन पडलं. गौरजाने ते वाचलं, परत वाचलं, आणि बटण न दाबता उठली.

खाट सहा वॉर्डाच्या टोकाला, खिडकीखाली. काल संध्याकाळपासून रिकामी, चादर तिनेच घातलेली. ती जवळ गेली. चादरीला सुरकुती नव्हती. उशीला मात्र खळगा होता, नुकतंच कोणी डोकं उचलावं तसा. तिने तळवा टेकवला. उशी गरम होती, ओलसर… तापाच्या माणसाची असते तशी.

हात धुवायच्या बेसिनवर एक आरसा होता. त्यात तिने खालची पापणी ओढून पाहिली.

डॉक्टरांच्या खोलीत ती भिंत धरत गेली.

“किती दिवस ताप आहे?”

“ताप नाही डॉक्टर. दमलेय, एवढंच.”

डॉक्टरांनी थर्मामीटर उजेडाकडे धरला आणि तिच्याकडे पाहिलं. “एकशे तीन आहे, सिस्टर. लावणीला उतरला होतात? पायाला जखम?”

तिच्या टाचेला भेग होती. गावोगाव फिरून लोकांना लेप्टोच्या, म्हणजे चिखलातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाच्या, गोळ्या वाटणारी गौरजा स्वतः चिखलात अनवाणी उभी राहिली होती, आणि पंधरा दिवस अंगातल्या आजाराला थकवा म्हणत आली होती.

“सहा नंबर नको,” स्ट्रेचरवर ती म्हणाली. पण बाकीच्या सातही खाटा भरलेल्या होत्या.

पुढचे दिवस तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. दोन्ही हातांना सुया. पंख्याची घरघर. तिच्या जागी सावंतवाडीहून तात्पुरती पाठवलेली सलोनी नावाची मुलगी, तिचा थंड हात. मग एक दिवस भूक लागली, तिने पेज मागितली, आणि डॉक्टर हसून म्हणाले, “वेळेवर आलात. अजून एक दिवस काढला असता तर कठीण होतं.”

घरी तीन आठवडे काढून ती कामावर परतली. सलोनीला आणखी महिनाभर ठेवून घेतलं होतं. पहिल्या दिवशी दोघींनी सकाळपासून बरोबर काम केलं, आठही खाटांच्या चादरी बदलल्या, दोन बाळंतिणी घरी पाठवल्या. दुपारी खोलीत आल्यावर सलोनी म्हणाली, “ताई, तुमचे निरोप होते म्हणून माझं निभावलं. मला इथलं काहीच माहीत नव्हतं.”

“माझे निरोप?”

“तुम्ही आजारी होतात तेव्हाचे. रोज दुपारी असायचे. मला वाटलं, पडल्या पडल्या मोबाइलवरून लिहिताय.”

गौरजाचा मोबाइल ते सगळे दिवस गावी तिच्या भावाकडे होता. तिने ते सांगितलं नाही. खुर्ची ओढून लॉगिन केलं आणि जुने निरोप एकेक करून उघडले. खाट एक, खाट पाच, काशीबाईंची घरी जायची तारीख. सगळ्यांखाली ‘गौरजा’. सगळे तिच्याच नेहमीच्या प्रमाण मराठीत, तिच्याच आटोपशीर वाक्यांत. खाली ‘वाचला: सलोनी’.

ती दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवसाचा निरोप एका ओळीचा होता.

‘खाट सहा. दुपारी १:५० ला गेली. चादर बदलली. गौरजा.’

“हा मला दिसलाच नव्हता,” सलोनी हळूच म्हणाली. ती मागे उभी राहून वाचत होती. “ताई… त्या दुपारी तुमची नाडी लागत नव्हती. मी डॉक्टरांना बोलवायला धावले. परत आले तर तुम्ही डोळे उघडून छताकडे बघत होतात. आधी घामाने भिजलेली चादर आता कोरडी होती. घडीची, कडक. मला वाटलं वॉर्डातल्या मावशींनी बदलली.”

“विचारलंस त्यांना?”

“विचारलं. त्या दिवशी मावशी आल्याच नव्हत्या.”

गौरजाने निरोप थोडा वर सरकवला. खालची ओळ दिसली.

‘वाचला: अक्का. १:५२.’

वॉर्डात कोणीतरी खोकलं, खाटेचं लोखंड करकरलं. सलोनीने स्टूल पुढे केलं. “बसा ना ताई. खुर्चीत पाठ अवघडेल. सकाळी सातपासून पायांवर आहात, आजारातून उठलेलं माणूस… दमला असाल.”

गौरजा स्टुलावर बसली. तिने पोटऱ्या चाचपल्या. कंबर, मान, डोळ्यांच्या मागची ती जागा जिथे कित्येक महिने झोप ठणकत असायची. मग तिला आठवलं, की इस्पितळातून घरी गेल्यापासून या तीन आठवड्यांत आपण एक रात्रही झोपलेलो नाही, आणि त्याचं आपल्याला काहीच वाटलेलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “मी दमत नाही आता.”