मधला तुकडा

"ॲडमिन, तुमी पक्षपाती आहात. तोंडावर सांगते. माझ्या गोधडीचा फोटो अकरा दिवस दाबून ठेवला आणि त्या अलिनाची गोधडी तिसऱ्यांदा वर टांगली. कावून? तुमच्या घरची हाय का ती?"

चैतालीनं हे लिहिलं आणि 'टाक्यावर टाका' या फेसबुक ग्रुपवर, अलिनाच्याच फोटोखाली, सगळ्यांना दिसेल असं टाकून दिलं. ग्रुपात गेवराई-बीडकडच्या साडेचारशे बाया. आपल्या हातच्या गोधड्यांचे फोटो टाकायच्या, एकमेकींची वाहवा करायच्या. पण फोटो आधी ॲडमिनकडं जायचा, त्यानं पास केला तरच लोकांना दिसायचा. ॲडमिन कोण ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नावाच्या जागी ग्रुपचंच नाव, चेहऱ्याच्या जागी सुईचं चित्र. ज्याला चेहरा नसतो त्याचाच हुकूम जास्त चालतो, आणि हे काही फेसबुकावरच चालतं असं नाही.

अलिनाचा टाका बारीक होता. मुंग्यांची रांग चालावी तसा, एका रेषेत. तेच तर दुखत होतं. टाका वाईट असता तर चैतालीनं तिला केव्हाच माफ केलं असतं.

या ग्रुपात चैतालीला आणलं होतं बिभीषणनं.

मागच्या थंडीत ती अंबाजोगाईहून, मावशीकडून, तलवाड्याला परत येत होती. मांजरसुंब्याला एसटीचं चाक बसलं आणि सगळी बस ढाब्यावर उतरली. वारा असा की चहा कपातच गार व्हावा. चैतालीनं गाठोड्यातली गोधडी काढून गुडघ्यावर घेतली. शेजारच्या बाजेवर एक मोरपंखी शर्टवाला बसला होता. त्यानं गोधडीचं टोक हळूच उचललं आणि उलटं केलं.

"ओ, उलटी कावून करताय?"

"पुढून समदेच बघतेत. खरी वळख मागून होती."

"मागून बघणारे लई बघितलेत मी."

तो कानापर्यंत लाल झाला. "तसं न्हाई वो... टाक्याचं म्हणत होतो. टेलर हाय मी. गेवराईला, बसस्टँडच्या मागं. बिभीषण."

"बिभीषण? म्हंजी घर फोडणारे."

"फोडणारा नव्हं... शिवणारा."

ती हसली नाही. पण गोधडीचं एक टोक तिनं त्याच्या बाजूला सरकवलं. थंडी होती म्हणून. असं तिनं स्वतःला सांगितलं.

मग दर बाजाराला ती गेवराईला आली की त्याच्या दुकानात तिच्यासाठी कातरणाची पिशवी तयार असायची. परकर, शर्ट, झबली यांचे उरलेले तुकडे. पिशवी घ्यायला दोन मिनिटं लागतात. चैतालीला अर्धा तास लागायचा. त्याच्या कटिंगच्या टेबलावर कोपरं टेकून ती उभी राही, तो कापडावर निळ्या खडूनं रेघ ओढी, आणि रेघ वाकडी गेली की तिच्याकडं बघे, जणू चूक तिची. थंडी सरली, उन्हाळा गेला. एक दिवस पिशवीत मोरपंखी खिसा निघाला. त्याच शर्टाचा. एकही दोरा न तुटता उसवलेला.

"हे चुकून आलं का?"

बिभीषण मापाची फीत गुंडाळत राहिला. "कातरणात आलं असंल... लागत नसंल तर द्या परत."

"दिलेलं परत घेतेत का?"

फीत गुंडाळून झाली तरी तो गुंडाळतच होता.

चैतालीच्या घरची रीत अशी की गोधडीच्या मधोमध घरच्या माणसाचा कपडा लावायचा. आजोबांचं धोतर, बापाचा सदरा. बाकीचे तुकडे कुणाचेही चालतील, मधला नाही. तिची छबुआत्या तर गोधडी पोथीसारखी वाचायची. हे अण्णाचं धोतर, हा थोरल्याचा सदरा, आणि हे मधलं कुणाचं गं? गावातल्या कुठल्याही बाईला वाचता यायचं.

चैतालीनं मोरपंखी खिसा मधोमध लावला. चारी बाजूंनी चार पदरी टाका. फोटो काढला आणि ग्रुपवर पाठवला. अख्ख्या जगाला सांगायचं होतं तिला, फक्त तोंडानं सांगायचं नव्हतं.

आणि तो फोटो अकरा दिवस अडकला होता. तिनं टाकलेली ती तक्रारही तासाभरात गायब झाली. उत्तर नाही, माफी नाही. लबाडाकडं उत्तर नसलं की तो पुसायला लागतो.

ती चिडून अलिनाचा फोटो मोठा करून बघू लागली. एक तरी वाकडा टाका सापडावा म्हणून. टाका नाही सापडला. सापडला टेबलाचा कोपरा. त्यावर इस्त्रीचा अर्धगोल डाग, डागाशेजारी निळा खडू.

त्या डागावर तिनं आठ महिने कोपर टेकलं होतं.

म्हणजे अलिनाही तिथंच टेकते. तिच्यासाठीही रेघ वाकडी जाते. तिलाही एखादा खिसा मिळाला असेल, काय सांगावं. आईनं वाढलेली भाकरी तशीच राहिली. तिनं गोधडी पिशवीत कोंबली आणि मिळेल त्या जीपनं गेवराई गाठली.

दुकानात अलिना होतीच. टेबलावर नवी गोधडी पसरलेली, आणि बिभीषण स्टुलावर उभा राहून मोबाईलनं फोटो काढत होता. "जरा कोपरा वढा... हां, आसं. लई झ्याक."

"लई गोड बोलता येतंय की तुमाला," चैताली उंबऱ्यातून म्हणाली.

तो स्टुलावरून पडता पडता वाचला. अलिना मात्र हसली. "या ताई. माझ्या मोबाईलचा कॅमेरा गेलाय, भाऊच काढतेत फोटो. ग्रुपच त्यांचा हाय म्हटल्यावर त्यांनाबी सोपं."

'भाऊ' ऐकून चैतालीचा अर्धा राग उतरला. 'ग्रुपच त्यांचा' ऐकून दुप्पट होऊन परत चढला.

अलिनानं एकदा हिच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं, आणि गोधडीची घडी घातली. "मी उद्या येते भाऊ. आज तुमचं माप काढणार दिसतेत ताई."

ती गेली. बिभीषण स्टुलावरून उतरला.

"बाप्या ग्रुप चालवतोय म्हणल्यावर बायांनी फोटो टाकले असते का?" तो म्हणाला.

"ते ऱ्हाऊ दे. माझा फोटो कावून दाबला?"

"मधी काय लावलंय ते बघितलं मी. तुमच्या आत्या हायेत ग्रुपात. एका नजरंत वाचलं असतं त्यांनी."

"वाचावं म्हणूनच लावलं."

त्यानं मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक उगाच अर्धा फेरा फिरलं. "तुमच्या अब्रूचा इचार केला मी..."

"माझ्या अब्रूचा, का तुझ्या आईच्या रागाचा? आमचं घर बुद्धविहाराच्या मागं हाय, ते तिला ठावं हाय. खरं बोल."

'तुमी'चा 'तू' झाला, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं. कुणीच मागं घेतला नाही.

"...दोन्हीचा," तो म्हणाला.

खोटं बोलला असता तर ती तिथूनच फिरली असती. खरं बोलला म्हणून थांबली. आणि थांबली म्हणून तिला दिसलं, त्यानं आज तोच मोरपंखी शर्ट घातला होता. धुऊन धुऊन सगळ्या शर्टाचा रंग उडालेला, फक्त छातीवर खिशाएवढा चौकोन अजून गडद.

"दुसरा खिसा न्हाई लावला?"

"न्हाई... जागा तशीच ठेवली."

तिला त्या चौकोनावर हात ठेवावा वाटला. तिनं ठेवला नाही. तिनं पिशवीतून गोधडी काढली, टेबलावर पसरली, इस्त्रीच्या डागावर मधला तुकडा आला तेव्हाच थांबली.

"खिसा तू दिला. मधी मी लावला. मला कुणी इचारलं न्हाई, मीबी कुणाला इचारलं न्हाई. तू मला लपवायला कोण? आमाला लपायची सवय हुती म्हणून लोकांनी लई वर्षं मजा केली. मी न्हाई लपायची."

"चैताली... उद्यापर्यंत थांब. आईला सांगतो, मग—"

"आईला आजच कळंल. तीबी हाय ना ग्रुपात?"

त्यानं मान डोलावली. मोबाईल त्याच्या हातातच होता. पडद्यावर तिचा फोटो, अकरा दिवस रोज उघडून बघितलेला, आणि खाली दोन बटणं, एक पास करायचं, एक काढून टाकायचं.

"काढून टाकला तर हा खिसा मी हितंच उसवते," ती म्हणाली. "मग गोधडीला मधोमध भोक पडंल आन् तुझ्या शर्टावरची जागाबी रिकामीच ऱ्हाईल. दोघं तेच बघत बसू जलमभर. तलवाड्याची गाडी सुटायला पंधरा मिनिटं हायेत. उद्या न्हाई, परवा न्हाई. माझ्याकडं बघून सांग, बिभीषण, फोटो लावतो का न्हाई?"