तणस टाकायचं राहिलं

कार्तिक लागला की आमच्या आंधळगावात पहाटे काकडा आणि सांजेला कीर्तन. मी दोन्हीला जाते. बुवांनी अभंग धरला, टाळ तापले, की मला घर आठवत नाही. पण घरी परतले की मी पक्की व्यवहारी बाई. देव भक्ताघरी पाणी भरतो हे मी मनापासून मानते. आमच्या घरचं मात्र मीच भरते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यानंतरच्या काही वर्षांतला तो हिवाळा. दिवाळी झाली, धानकापणी उरकत आली, तसं मी घर थंडीसाठी लावायला घेतलं. पडवीच्या उघड्या अंगाला बांबूचे तट्टे बांधले. भिंतींच्या भेगा लिंपल्या. कथड्या, म्हणजे आमच्या गोधड्या, उन्हात टाकल्या. शेकायची मातीची गोरसी घासून कोळशाने भरून ठेवली. राहिला होता तो मधल्या खोलीतला खड्डा.

माझे सासरे टेकचंद कोशाचं रेशमी कापड विणत. माग जमिनीलगतचा. विणणारा काठावर बसतो, गुडघ्यापासून खालचे पाय खड्ड्यात सोडतो आणि पावड्या दाबतो. सासरे गेले, माग विकला, खड्डा राहिला. थंडीत तिथून ओल वर यायची. तरी सासूबाई, विमलाबाई, दर दिवाळीनंतर त्याच्या तळाशी नव्या धानाचं तणस, म्हणजे पेंढा, अंथरायच्या. सासरे असताना त्यांच्या पायांना ऊब राहावी म्हणून अंथरायच्या, तसंच. मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

सासूबाईंना दमा. मागच्या हिवाळ्यात तर त्या हातच्या जाता जाता राहिल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, आणखी एक असा हिवाळा त्यांना सोसणार नाही, घरातली ओल बंद करा. म्हणून त्या लेकीकडे मोहाडीला गेल्या तेव्हा माझ्या यजमानांनी, भूषणनी, वरठीच्या कारखान्यातून सुट्टी काढली आणि गवंडी भोजराजला बोलावलं. मुरूम टाकून, धुमसाने ठोकून खड्डा सपाट झाला. वरून मी शेणाने सारवलं.

सासूबाई परतल्या आणि दारातच थबकल्या.

"काकू, आता इथं नाचल्या तरी दबत नाही," भोजराज म्हणाला.

"खाली तणस टाकलं होतं ना?"

भूषण हसले. "आई, बुजवलेल्या खड्ड्यात कायले तणस?"

त्यांनी खाट भिंतीशी टाकली, पायथा त्या जागेकडे. त्या दिवसापासून त्यांच्या छातीतली घरघर थांबली. शेजारची शकुनबाई रोज येऊन कोणतं औषध दिलं ते विचारायची, आणि मी सांगत नाही म्हणून रुसायची.

बाकी खोलीतलं सारवण दोन दिवस ओलं होतं. खड्ड्यावरचं त्याच सांजेला वाळलं. हात लावला तर ऊब. तिथे ऊन येत नाही. मुरूम उन्हात तापलेला असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण आठवडा गेला तरी ऊब होतीच. मांजर तिथे झोपायला लागली.

सासूबाईंच्या पायांना मी रोज जवसाचं तेल चोळायची. आधी तळवे गार पडले. मग घोटे. मग पोटऱ्या. गोरसी जवळ ठेवली, वीट तापवून फडक्यात बांधून दिली, काही उपयोग नाही. गारवा गुडघ्यापाशी येऊन थांबला, रेघ ओढावी तसा. वर अंग उबदार, खाली विहिरीचा दगड. त्यांना उभं राहता येईना. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, नाडी चांगली आहे म्हणाले आणि विषय बदलला.

मी रडवेली झाले की सासूबाईच माझी समजूत घालायच्या. "जाऊ दे ना वं. खाली त्यायचे पाय गरम झाले. मले दम नाही, काही नाही."

त्या सांजेला कीर्तनात बुवा एका भक्ताच्या बायकोची कथा सांगत होते. ती आपल्या पानातली अर्धी भाकर रोज नवऱ्याच्या पानात सरकवते. मंडपात सगळे डोळे पुसत होते. मी अर्ध्यातून उठले.

दुसऱ्या दुपारी भोजराज सब्बल, लोखंडी पहार, घेऊन आला. खड्डा उघडायचा, तळाशी तणस टाकायचं, वरून फळ्या मारायच्या, असं ठरलं. भूषण कुरकुरले, पण आईचे पाय त्यांनीही पाहिले होते.

सब्बल उचलली तशा सासूबाई खाटेवरून शांतपणे म्हणाल्या, "हळू बापू. डाव्या अंगाले माहे पाय हायेत."

भोजराज हसला. मग थांबला.

भूषणनी पांघरूण बाजूला केलं. "आई, पाय तर इथं आहेत."

"हे?" असं म्हणून त्या आपल्या पायांकडे पाहत राहिल्या, दुसऱ्याच्या घरची वस्तू पाहावी तशा.

भोजराजने उजवा कोपरा धरून एक घाव घातला, बेताचाच.

सासूबाईंचा श्वास अडकला. खड्डा बुजवल्यापासून पहिल्यांदाच छातीत घरघर उठली. ओठ निळे पडले.

मी सब्बल त्याच्या हातून ओढून अंगणात टाकली.

हळूहळू श्वास ठिकाणावर आला. भोजराज चहाला थांबला नाही.

खाली टाकता येत नव्हतं, ते मी वर टाकलं. त्या जागेवर तणसाचा जाड थर पसरला, त्यावर माझी स्वतःची कथडी. सांजेला पायांना हात लावला. कोमट होते.

सकाळी तट्ट्याच्या फटींतून ऊन आत आलं होतं. सासूबाई खाटेवर झोपल्या होत्या, पाय सरळ, श्वास एकसारखा.

जमिनीवरची कथडी सपाट नव्हती.

दोन उंचवटे होते, लहान, गुडघे वर घेऊन निजावं तसे. शेजारी आणखी दोन, मोठे. त्या बाजूला कथडी ताणली गेली होती, पुरत नव्हती.

मी विठ्ठलाचं नाव घेतलं, आतून दुसरी कथडी आणली आणि मोठ्यांच्या अंगाला जोडून टाकली. हळूच, जाग येऊ नये म्हणून.