गादीवरची ओल

"डाक्टर, आजच या. संध्याकाळी ढब्बूला न्यायला जीप यायचीय."

भारतीचा फोन आला तेव्हा डॉ. रश्मी राहुरीतल्या दवाखान्यात जेवायला बसली होती. डबा तसाच झाकून ती भारतीच्या घरी निघाली. ती जनावरांची डॉक्टर. माणसांच्या तक्रारींवर तिचा फारसा भरवसा नव्हता. पिल्लाची बाजू कुणी मांडत नाही, हा तिचा जुना राग.

ढब्बू अडीच महिन्यांचा, कुत्र्याचं पिल्लू. भारतीच्या नवऱ्यानंच, योगेशनं, हौसेनं आणलेला. गुन्हा एकच: भारती दुपारी नर्सरीतल्या कामावरून परतली की पलंगावरची गादी ओली.

"आजारी हाय का हो?"

रश्मीनं तपासलं. पोट मऊ, ताप नाही. "ठणठणीत आहे. एवढ्या पिल्लाला लघवी धरवत नाहीच. झोपून उठलं, खाल्लं, खेळलं की लगेच बाहेर न्यायचं. घाबरलं की होते, आनंदानंसुद्धा होते. मारायचं नाही."

"नेते की! फरशीवर आता करत बी न्हाई. मग माजी गादीच का धरली मेल्यानं?" भारतीचा आवाज चिरकला. "एवढा जीव लावला अन् उलटलं. हे म्हनले, भंडारदऱ्याच्या मित्राला दिऊन टाक. मी व्हय म्हनले."

रश्मीनं ओली गादी हुंगली. मग उशीवर बिस्कीट ठेवलं. ढब्बू खाली उड्या मारून केकाटला. पंजे पलंगाच्या काठापर्यंतही पोचेनात.

"वर चढतो, हे कुणी पाहिलं?"

"ह्यांनी."

देवघराच्या दारात बसलेल्या सासूबाई फणकारल्या, "कुत्रं घरात नगं, म्या तवाच म्हनलं हुतं. रोज गोमूत्र शिंपडावं लागतंय. आजचं अजून ऱ्हायलंय, अन् नवी बाटली अर्ध्यावर आली!"

भारतीची नजर करडी झाली. "आत्या, तुमीच तर न्हाई..."

"थांबा," रश्मी म्हणाली. "गादी कधी कोरडी राहिली?"

"मंगळवारी. हे भंडारदऱ्याला गेल्ते."

"आणि सासूबाई?"

"घरातच. गुडघ्यानं कुठं जात्यात त्या!"

एवढ्यात योगेश दारात आला. "काय निघालं?"

"गादीवर गोमूत्र आहे, योगेशराव. शिंपडलेलं नाही, ओतलेलं. सासूबाईंनी आज बाटली उघडलेलीच नाही. घरात रोज तोच वास, म्हणून कुणाला शंका आली नाही. ढब्बूला पलंग चढता येत नाही. चढतो म्हणणारे एकटे तुम्ही. आणि तुम्ही घरी नव्हतात, त्या दिवशी गादी कोरडी."

योगेश भारतीकडे वळला. "ढब्बू देतो म्हनून मित्राला शब्द दिऊन बसलो हुतो. तुला सांगायचं धाडस झालं न्हाई. वाटलं, तूच कंटाळून देशील."

"माज्या हातानं?" भारतीला रडू फुटलं. "मी रोज ह्याला दटावत हुते, अन् तुमी उभं ऱ्हाऊन बगत हुता!"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. कुणी हललं नाही.

ढब्बूला मात्र धनी दिसला होता. सगळं अंग हलवत तो योगेशकडे धावला, पायांत लोळला आणि आनंदाच्या भरात त्याच्या चपलांवर मुतला.

भारतीनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि फडकं योगेशच्या पुढ्यात टाकलं.

"पुसा. ह्ये खरंच त्यानं केलंय."